एका शब्दाचे तीन ठोसे

मिस्त्रीला जर्मन भाषेतले एकोणसत्तर शब्द येत होते, आणि त्यातला एकही फुकटात मिळालेला नव्हता. 'डी शूले' म्हणजे शाळा. त्या शब्दापायी खालची एक दाढ गेली. 'डेर हुंड' म्हणजे कुत्रा. त्यानं डाव्या बरगडीला चीर पाडली आणि पुढे महिनाभर शिंक आली की मिस्त्रीला कुत्रा आठवायचा. 'डास फेन्स्टर' म्हणजे खिडकी. ती त्यातल्या त्यात स्वस्तात पडली, नुसता ओठ फाटला. विद्येसाठी घाम गाळणारे गल्लोगल्ली सापडतात, पण रक्त गाळणारा विद्यार्थी विरळाच. त्यातून तो पंचेचाळिशीचा आणि जन्मठेपेचा कैदी.

माणूस मुळात अवजड गाड्यांचा मिस्त्री. हात असा की गंजलेला नट त्याच्या नुसत्या धाकानं सैल व्हावा. पण जो हात नटावर चालायचा तोच माणसांवरही चालायचा. डोकं तापलं की आधी हात, मग तोंड, आणि विचार तिसऱ्या दिवशी. दहा वर्षांपूर्वी गॅरेजमधल्या जोडीदारानं त्याच्या कामाला नाव ठेवलं आणि वर हसला. मिस्त्रीच्या हातात तेव्हा चोवीस नंबरचा पाना होता. जोडीदार इंजिनाला टेकून खाली बसला तो परत उठलाच नाही. कोर्टात मिस्त्री पुन्हा पुन्हा सांगत होता, "साहेब, एकदाच मारला." जणू एकदा मारण्यावर काही सूट असते.

घरी बायको होती आणि सहा वर्षांची लेक होती. लेकीला तो ठकी म्हणायचा. तो आत गेल्यावर वर्षभरातच बायको आजारानं गेली. ठकीला तिची मावशी घेऊन गेली, परदेशात, जिथं सगळा कारभार जर्मन भाषेत चालतो तिथं. मावशीनं एकदाच, पहिल्या कार्डावर, दोन ओळी खरडल्या होत्या: "मुलगी मराठी विसरली. मला तुम्हाला काही लिहायची इच्छा नाही." बायकोच्या बहिणीचा राग रास्त होता, हे मिस्त्रीलाही कळत होतं. तेव्हापासून वर्षाला एक कार्ड यायचं, ठकीच्या हातचं, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर जर्मन.

आता जर्मन वाचणार कोण? बराकीत साठ माणसं. चोर, दरोडेखोर, दोन खुनी, एक खोट्या शिक्क्यांचा कारागीर. त्यांत एक म्हातारा खलाशी होता. जहाजावर तीस वर्षं स्वयंपाक केलेला, त्यामुळे चार बंदरांची भाषा मोडकीतोडकी बोलणारा. पण त्याची जर्मन म्हणजे पातेलं, कांदा, दोरखंड आणि शिव्या. शाळा आणि कुत्र्यापर्यंत ती पोचत नव्हती. तरी अक्षर वाचायला त्यानंच शिकवलं, आणि एक गोष्ट मिस्त्रीच्या डोक्यात ठोकून बसवली. "हे बघ, नुसता अर्थ पाठ करून काही होत नाही. त्यांच्यात प्रत्येक नामाला लिंग. पुरुष असेल तर डेर, बाई असेल तर डी, अधलंमधलं असेल तर डास. लिंग, अर्थ, वापर. तिन्ही आलं तर शब्द आला. नाहीतर तो दुसऱ्याच्या घरातला पाहुणा, उठून कधी जाईल सांगता यायचं नाही."

शब्दकोश होता. तुरुंगाचं वाचनालय छत गळायला लागल्यावर बंद केलं, तेव्हा पुस्तकं बराकींत वाटून टाकली होती. त्यात जर्मनमधून मराठीत अर्थ देणारा एक जाडजूड कोश या बराकीच्या वाट्याला आला. कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा. तसल्या कागदाचा बराकीत एकच उपयोग. एका पानात आठ सिगारेटी होतात.

कोश मामाच्या ताब्यात होता. मामा कुणाच्याही आईचा भाऊ नव्हता. बराकीतली तंबाखू त्याची, कोपऱ्यातली हवेशीर जागा त्याची, आणि कुणी कुणाला मारायचं हा निकालही त्याचा. मिस्त्री आत आला त्या पहिल्याच आठवड्यात मामानं त्याच्या ताटात थुंकून बघितलं होतं. मिस्त्रीनं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मागं वळवून मोडली, काडेपेटीतल्या काड्या मोडाव्यात तशी. ती बोटं वाकडीच जुळली. मिस्त्रीची दोन वर्षांची मुलाखत बंद झाली, आणि जेलरनं समोर उभं करून बजावलं, "पुन्हा हात उचललास तर जन्मात कुणाचं तोंड दिसणार नाही तुला. कुणी आलं तरी दारातूनच परत पाठवीन."

तेव्हापासून मिस्त्रीचे हात खिशात गेले ते गेलेच. आणि मामाला हे बरोबर ठाऊक होतं. वाघाचे दात पडले की शेळीसुद्धा मिशा ओढते, आणि मामा काही शेळी नव्हता. मिस्त्री पहिलं कार्ड घेऊन त्याच्याकडे कोश मागायला गेला तेव्हा मामानं वाकडी बोटं त्याच्या नाकासमोर धरली.

"दोन बोटं गेली माझी. तुला शब्द पायजे ना? देतो. लिंगाचा एक ठोसा, अर्थाचा एक, वापराचा एक. भिंतीला पाठ, हात मागं. आधी ठोसा, मग वाचन. मला हात लागला की सौदा संपला आणि शिपायाला हाक."

असा तो रिवाज पडला. मामा डाव्या हातानं मारायचा आणि सावकाश मारायचा, चवीनं. खलाशी कोश धरून वाचायचा, कारण मामाला स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं. बराक गोल करून बसायची. मिस्त्री तिन्ही गोष्टी मोठ्यानं म्हणून दाखवायचा, तोंडात रक्त असेल तर आधी थुंकून. पोरांना 'फेन्स्टर' इतका आवडला होता की खिडकीला ते फेन्स्टरच म्हणायला लागले.

दवाखान्यातल्या रजिस्टरमध्ये या सगळ्याची नोंद एकाच वाक्यात व्हायची. डॉक्टर विचारायचा, "काय झालं?" मिस्त्री म्हणायचा, "पायरीवरून पडलो." सगळेच म्हणायचे. नाक फुटलेला, दात पडलेला, कान तुटलेला, सगळे पायरीवरूनच पडलेले. बराक तळमजल्यावर होती आणि तिला एकही पायरी नव्हती. डॉक्टर ते निमूटपणे लिहून घ्यायचा. त्यालाही नोकरी होती.

दहाव्या वर्षी कार्डाऐवजी पत्र आलं. ऑफिसात कुणाला वाचता येईना म्हणून ते कुठं तरी तपासायला पाठवलं, आणि दोन महिन्यांनी परत आलं ते 'हरकत नाही' असा शिक्का घेऊन. शिपायानं ते गजांतून आत टाकलं. मिस्त्री आणि खलाशी भिंतीशी बसले. निम्मे शब्द ओळखीचे होते, उरलेले अंदाजानं लागले, आणि दुपारपर्यंत पत्र उभं राहिलं:

"प्रिय बाबा, मी मे महिन्यात येते. मावशी बरोबर आहे. मला तुम्हाला बघायचं आहे. पण नार्बेबद्दल विचारू नका. विचारलंत तर मी उठून जाईन."

बाकी सगळं लागलं. नार्बे लागेना.

"जहाजावर नव्हती असली चीज," खलाशी म्हणाला. "मासा नाही, मसाला नाही. मला नाही माहीत."

"माणूस असंल," शेजारचा पाकीटमार म्हणाला. "सोळा वर्षांची झाली ना पोरगी? धरला असंल एखादा नार्बे. बापानं विचारू नये म्हणून आधीच दम देतीय."

मिस्त्रीच्या कानशिलाच्या शिरा तट्ट फुगल्या. पाकीटमार दोन हात मागं सरकला. पण मिस्त्री खालच्या फरशीकडे बघत राहिला. त्याला भीती वाटत होती, आणि ती उघड दिसत होती. दहा वर्षांनी लेकीला भेटणारा बाप दुसरं करणार तरी काय? विचारणारच. शाळा विचारील, घर विचारील, कुत्रा जगला का विचारील. त्यातलं नार्बे नेमकं कुठलं? आई गेल्याचं दुःख? मावशीचा नवरा? एखादा आजार? वीस मिनिटांची मुलाखत, मध्ये जाळी, आणि त्याच्या तोंडून नको तो प्रश्न गेला की ती उठून जाणार. परत येणार नाही. इतक्या लांबून कोण दोनदा येतं?

खलाशानं संध्याकाळी हळूच जाऊन कोश बघितला. मामा पहिल्या अक्षरापासून एकेक पान फाडत आला होता. हुंड धूर होऊन गेला होता. खिडकीही गेली होती. आता 'म'ची शेवटची दोन पानं उरली होती, आणि त्याच्या मागोमाग 'न'.

"उद्या दुपारपर्यंत नार्बेची राख," खलाशी म्हणाला. "जायचं तर सकाळीच जा."

मिस्त्री सकाळी गेला. पण बराकीत गुपित आणि ढेकूण एका जागी राहत नाहीत. मामाला सगळं कळलेलं होतं. पान आधीच फाडून त्यानं मांडीवर पसरलं होतं आणि वर तंबाखू ओळीनं लावली होती. वळायचं तेवढं बाकी होतं. डाव्या हाताच्या मुठीवर त्यानं बादलीची लोखंडी कडी गुंडाळली होती.

"आज भाव वाढला," मामा म्हणाला. "माल शेवटचा आहे."

"मामा, कडी काढून ठेव," खलाशी म्हणाला. "मरंल तो."

"मग तू शिकव की फुकट. येतो तुला शब्द? नाही ना? मग पान धर आणि गप वाच."

मिस्त्रीनं भिंतीला पाठ लावली. हात मागं नेऊन एका हातानं दुसऱ्याचं मनगट पकडलं. दारात शिपाई उभा होता, पाठमोरा, पण कान इकडेच लावलेला.

पहिला ठोसा पोटात बसला. मिस्त्री दुमडला, गुडघ्यावर गेला, कोरडी ओकारी आली. तो उठून परत भिंतीला लागेपर्यंत बराक थांबली.

"डी," खलाशानं वाचलं. "स्त्रीलिंग. डी नार्बे."

"डी नार्बे," मिस्त्री म्हणाला.

"आँ? बाई निघाली?" पाकीटमार म्हणाला. दोघंतिघं हसले.

दुसऱ्या ठोशाआधी मामा जवळ आला आणि कानाशी बोलला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "काय रे, पोरगी एवढी लपवतीय म्हणजे बाजारात तर नाही ना बसली?" आणि बोलता बोलताच मारलं. कडी जबड्यावर बसली. हाडाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

मिस्त्रीचा उजवा हात पुढं आला.

ती मूठ मामाच्या चेहऱ्यासमोर हातभर अंतरावर होती, वळलेली, पांढरी पडलेली. एकदाच मारायची होती. एका ठोशात मामाचे पुढचे सगळे दात घशात गेले असते, आणि मिस्त्रीला ते दात आत्ताच मोजता येत होते. मामा हसला. त्याला हेच हवं होतं. दारातला शिपाई वळला. मिस्त्रीनं मूठ तशीच मागं नेली, आणि दुसऱ्या हातानं ती मनगटात इतकी दाबून धरली की नखं आत रुतली.

"वाच," तो म्हणाला. त्याचा शब्द नीट उमटत नव्हता.

खलाशानं तंबाखू बाजूला सारून ओळ शोधली. "व्रण. जखम भरून आल्यावर कातडीवर राहते ती खूण."

"डी नार्बे. व्रण," मिस्त्री म्हणाला आणि थांबला. कसला व्रण? कुणाचा? पोरीला काय झालं, कधी, तिकडे काही अपघात झाला की काय? असं तो दोनतीन क्षण खरोखरच शोधत होता, आणि हीच त्या दिवसातली सगळ्यांत वाईट गोष्ट. कारण तो विसरला होता. जोडीदाराचा खून तो रोज आठवायचा, रोज स्वतःला शिव्या घालायचा. त्याची शिक्षा झाली होती, कागद झाले होते. ह्याचा कागद कुठंच नव्हता.

खुनाच्याही आधीची, रविवारची दुपार होती. बायकोनं काही तरी उलट उत्तर दिलं. काय, ते आता आठवत नाही. त्यानं हातातला पाना भिरकावला. बायको खाली वाकली. मागं ठकी बसली होती, पाटीवर चित्र काढत. पाना तिच्या भुवईच्या वर लागला. ती रडलीसुद्धा नाही आधी, नुसतं बघितलं त्याच्याकडे. मग रक्त आलं, पाटीवर, फ्रॉकवर, जमिनीवर. बायकोच्या किंकाळ्या. त्यानं पोरीला उचललं, कपाळावर गॅरेजचा फडका दाबला आणि दवाखान्याच्या दारात तिला उभं करून खाली बसला. "डॉक्टरांनी विचारलं तर काय सांगायचं? पायरीवरून पडले. म्हण."

"पायरीवरून पडले."

"परत."

"पायरीवरून पडले."

"परत म्हण. मोठ्यानं."

तिनं तिसऱ्यांदा म्हटलं. चार टाके पडले. येताना त्यानं तिला फुगा घेऊन दिला आणि विषय संपला. त्याच्यापुरता संपला. पुढं तिला शाळेत, शेजारी, मावशीकडे, नव्या देशात, जो भेटेल त्यानं विचारलं असणार, कपाळाला काय झालं गं?

"बास झालं," खलाशी म्हणत होता. "अर्थ मिळाला ना? चल. तिसरा नको घेऊ. तुझं तोंड बघ काय झालंय."

मिस्त्री भिंतीपासून हलला नाही. "तिसरा राहिलाय," तो म्हणाला. मागं धरलेलं मनगट त्यानं सोडलं आणि दोन्ही हात बाजूला मोकळे लोंबू दिले. आता ते धरून ठेवायची गरज नव्हती.

मामालाही क्षणभर काय करावं कळेना. मग त्यानं मारलं, सगळा जोर काढून. कडीचं टोक भुवईवर बसलं आणि कातडी उकलली. मिस्त्रीच्या एका डोळ्यात रक्त भरलं. तो पडला नाही.

खलाशानं पुढची ओळ वाचली. "वापर. डी नार्बे इस्ट फोन आइनेम उन्फाल. हा व्रण अपघाताचा आहे."

मिस्त्रीनं ते वाक्य म्हणून दाखवलं. एकदा चुकलं, परत म्हटलं. मग मामानं पान ओढून घेतलं, सिगारेट वळली आणि पेटवली. पहिल्या दोन झुरक्यांत नार्बे संपली.

दवाखान्यात डॉक्टरनं टाके घालायला सुई ओवली आणि रजिस्टर पुढं घेतलं. "काय झालं?"

मिस्त्रीच्या ओठांवर ते पायरीचं वाक्य आलं होतं. दहा वर्षांची सवय. पण ते बाहेर पडेना. डॉक्टरनं वाट बघितली आणि नेहमीप्रमाणे स्वतःच लिहून टाकलं.

जबडा बांधलेला असताना महिनाभर मिस्त्री पेज पीत होता आणि खलाशी शेजारी बसून असायचा. त्या दिवसांत मिस्त्रीनं त्याच्याकडून आणखी एक छोटा शब्द मागून घेतला. का हवा तेही सांगितलं. तो एक शब्द मात्र फुकट मिळाला.

मे महिन्यात शिपायानं नाव पुकारलं. मुलाखतीची खोली लांबट, मध्ये दुहेरी जाळी, दोन्हीकडे स्टुलं. मावशी मागच्या बाकावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून, मिस्त्रीकडे न बघता. जाळीपाशी ठकी आली. उंच झाली होती, आईचा चेहरा घेऊन. पुढचे केस कापून भुवयांपर्यंत आणले होते. मिस्त्रीनं केसांकडे बघितलं नाही. डोळ्यांकडेच बघत राहिला. त्याला ते सोपं नव्हतं.

"गुटन टाग," तो म्हणाला. तिनंही म्हटलं. मग त्यानं शाळा विचारली. कुत्रा विचारला. कुत्रा म्हातारा झाला होता, पण होता. तिच्या उत्तरातलं निम्मं त्याला कळायचं, निम्म्याला तो मान डोलवायचा. ती मध्येच किंचित हसली, त्याचं बोलणं कुणी एकेक वीट रचावी तसं होतं म्हणून असेल. दहा मिनिटं गेली. विचारू नका म्हटलेलं त्यानं विचारलं नव्हतं.

मग तिची नजर त्याच्या भुवईवर थांबली. नवा व्रण, अजून गुलाबी. तिनं बोट स्वतःच्या नव्हे, त्याच्या कपाळाच्या दिशेनं जाळीला टेकवलं. तोंड उघडलं, शब्द शोधले. मराठी ती विसरली होती, मावशीनं लिहिलं होतं ते खरं होतं. सगळी विसरली होती. एक वाक्य सोडून.

"पायरीवरून पडले?" तिनं विचारलं. शब्द न् शब्द स्वच्छ.

मिस्त्रीनं जाळी दोन्ही हातांनी पकडली. त्याला रडायचं नव्हतं, कारण रडताना जर्मन बोलता आलं नसतं. "नाइन," तो म्हणाला. नाही. मग तिच्या केसांकडे, आज पहिल्यांदाच, उघड उघड बघितलं आणि तीन ठोसे खाऊन मिळवलेलं वाक्य म्हटलं. त्यातला अपघात तेवढा काढून टाकला होता आणि त्या जागी खलाशाकडून घेतलेला तो एक शब्द बसवला होता.

"डी नार्बे इस्ट फोन मीर."

हा व्रण माझा आहे, मी केलाय.

ती उठली नाही. मागच्या बाकावर मावशीनं मान वर केली. ठकी त्याच्याकडे बघत होती, तसंच, जसं पाटीवरून मान वर करून बघितलं होतं.

"नॉख माल," ती म्हणाली. परत.

त्यानं परत म्हटलं.

"नॉख माल," ती म्हणाली. "लाउटर." मोठ्यानं.

मिस्त्रीनं तिसऱ्यांदा म्हटलं, इतकं मोठ्यानं की सगळ्या जाळ्यांवरची बोलणी थांबली आणि शिपाई धावत आला.